आगळ, गंज आणि करवतीचे दाते

सन्माननीय अध्यक्ष आणि एवढ्या पावसात छत्र्या सांभाळत आलेल्या श्रोतेहो,

सावंतवाडीत उभे राहून लाकूडकामाविषयी बोलणे म्हणजे देवगडकरांना हापूस विकण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. तरीही हा विषय मी हट्टाने मागून घेतला, कारण रंध्याचे पाते आणि पटाशी दगडावर घासणारे हात आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. करवत मात्र बोथट झाली की माळ्यावर जाते आणि माळ्यावरून भंगारात. माझे म्हणणे एवढेच आहे की जुन्या करवतीची धार लावण्याआधी तिचे दाते एका पातळीत आणावे लागतात, आणि हे न करता कानस फिरवणारा माणूस ती करवत दरवेळी थोडी थोडी बिघडवत असतो. ते कसे, हे आज सांगायचे आहे. पण त्याआधी ही टेबलावर ठेवलेली करवत माझ्याकडे कशी आली, हे सांगितल्यावाचून मला राहवणार नाही.

ही माझ्या वडिलांची, सव्वीस इंची. पडवीच्या माळ्यावर ती कित्येक पावसाळे पडून होती आणि वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, शिवाय खारा वारा, एवढ्यात पोलादाचे जे व्हायचे ते झाले होते. पितळी तांब्या आपण चिंचेने किंवा कोकमाने उजळतो, तेव्हा गंजही आंबटाला दाद देईल, असा विचार करून मी स्वयंपाकघरातून आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली आणली आणि पाते रात्रभर त्यात भिजत घातले. सौभाग्यवतींचे त्यावरील मत या व्यासपीठावरून सांगण्याजोगे नाही. सकाळी गंज खरोखरच सुटला होता. पाते धुऊन, पुसून मी अभिमानाने ओसरीवर ठेवले आणि दुपारी पाहतो तो ते पुन्हा नारिंगी! आगळात मीठ असते, हे भातावर सोलकढी ओतणाऱ्या मला लोखंडापुढे आठवले नाही. मीठ पात्याच्या बारीक खड्ड्यांत राहिले आणि आपल्या हवेतला ओलावा त्याने ओढून घेतला. दुसऱ्या खेपेला बिनमिठाच्या चिंचेचे पाणी घेतले, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतले, चुलीशेजारी पूर्ण सुकवले आणि लगेच तेलाचा हात फिरवला. तेव्हा कुठे काम झाले. मग लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून, रॉकेलचे थेंब सोडत, पात्याच्या लांबीच्या दिशेने घासताना काळ्या डागाखालून पुसट अक्षरे वर आली : शेफील्ड, म्हणजे पोलादी हत्यारांसाठी नावाजलेले इंग्लंडातले शहर. अशी अक्षरे वरवर कोरलेली असतात. तेथे जोर केला की ती कायमची जातात. मी हात आवरला, तरी पहिले अक्षर गेलेच.

यानंतर मी एक चूक केली. धार लावण्यासाठी करवत बाजारातल्या एका दुकानात दिली. त्या गृहस्थाने ती फिरत्या चाकावर धरली आणि अर्ध्या तासात परत केली. दाते चकचकीत होते, पण एक उंच, दुसरा ठेंगणा; आणि फणसाच्या फळीवर पेन्सिलीची रेघ सोडून करवत डावीकडे अशी निघाली, जणू तिकडे तिचे माहेर होते. उंच दातेच तेवढे लाकूड कापतात, ठेंगणे नुसते फिरून येतात, आणि ज्या बाजूचे दाते अधिक फाकलेले असतात त्या बाजूला करवत ओढली जाते, हे मला त्या फळीने शिकवले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य विषय आता धावतच घ्यावा लागेल.

करवत दोन पट्ट्यांमध्ये घट्ट आवळावी आणि दाते जेमतेम वर ठेवावेत. पाते थरथरले तर कानस किंचाळते. चपटी कानस टोकांवरून सरळ फिरवावी, म्हणजे प्रत्येक दात्याच्या माथ्यावर चमकता ठिपका उमटेल. ज्याच्यावर ठिपका नाही तो ठेंगणा, म्हणून सर्वांवर उमटेपर्यंत थांबू नये. मग तिकोनी कानशीने दात्यांमधल्या खाचा सारख्या करून घ्याव्यात. त्यानंतर दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवावेत, मात्र फक्त वरचा अर्धा भाग, आणि इतकेच की काप पात्याच्या जाडीच्या दीडपटीहून रुंद होऊ नये. ओल्या लाकडाला थोडे अधिक, सुक्याला कमी. सर्वांत शेवटी धार : लाकूड उभे, म्हणजे रेषांच्या दिशेने, चिरायचे असेल तर कानस पात्याशी काटकोनात, आडवे कापायचे असेल तर सुमारे वीस अंश तिरकी, एक खाच सोडून एक, प्रत्येकीला सारखेच हात, मग करवत उलट फिरवून उरलेल्या खाचा. माथ्यावरचा ठिपका नाहीसा झाला त्या क्षणी कानस उचलावी; त्यापुढचा एक हातही तो दाता पुन्हा ठेंगणा करतो. सागात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे सागावर चालणाऱ्या करवतीला हे वारंवार करावे लागेल.

नव्या करवतींपैकी ज्यांच्या दात्यांची टोके निळसर काळी दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. ती कानशीइतकीच कडक केलेली असतात. कानस त्यांवरून घसरते आणि स्वतःच बोथट होते. बोथट झाल्यावर फेकून द्यावी अशाच बेताने केलेली ही वस्तू आहे, आणि माझा राग त्यावर स्वतंत्र तासभर चालेल.

करवत येथेच ठेवतो आहे. ज्यांना हातात घेऊन पाहायची असेल त्यांनी दात्यांवरून बोट मुठीकडून टोकाकडे फिरवावे. उलट फिरवणाऱ्यांसाठी हळद मागच्या खोलीत आहे.