दप्तरातून आलेलं रजिस्टर

(दृश्य: सकाळची शाळा. व्हरांड्यात परिपाठाची रांग. मागे कुलूप लावलेली एक जुनी खोली.)

आमच्या शाळेचा पट साठच्या आत. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोन चालू खोल्या आणि एक बंद. धाकटा दुसरीत गेला त्या वर्षी मला शाळा व्यवस्थापन समितीत घेतलं. पालकसभेत नावं लिहून चालली होती, बायका कमी पडत होत्या. कुणीतरी म्हणालं, "वहिनींचं लिहा." लिहिलं गेलं.

पुढे काही महिने समिती माझ्या घरी यायची ती मुलाच्या दप्तरातून. लाल पुठ्ठ्याचं इतिवृत्ताचं रजिस्टर, पानात खुणेला ठेवलेलं पेन आणि पोराचा निरोप: "सरांनी सही मागितलीय. फुली मारलीय तिथं कर." तव्यावर भाकरी असायची. मी सही करायचे आणि रजिस्टर परत दप्तरात.

ऑगस्ट २०२४ मध्ये एका रात्री मी ते पान पहिल्यांदा वाचलं. लिहिलं होतं, "विद्यार्थी सुरक्षेबाबत सविस्तर चर्चा झाली. सर्वानुमते समाधान व्यक्त करण्यात आले." खाली माझं नाव, नावापुढे मोकळी जागा. मी त्या चर्चेत नव्हते. कुणीच नव्हतं, कारण ती चर्चा झालीच नव्हती.

(दृश्य: बंद खोलीचं कुलूप. काळा पडदा. मग रिकामे रेल्वे रूळ.)

त्या रात्री वाचलं, कारण त्या आठवड्यात घराघरात एकच विषय होता. बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. सुमारे दहा तास लोकल अडून राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून या प्रकरणाची दखल घेतली. आणि २१ ऑगस्टला शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय निघाला: शाळेत सीसीटीव्ही बसवा, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रीकरण तपासावं, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी करून घ्या, तक्रारपेटी लावा, मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती नेमा.

या शेवटच्या नावापाशी मी थांबले. सखी सावित्री समितीचा शासन निर्णय आधीच निघाला होता, १० मार्च २०२२ ला. शाळा, केंद्र (म्हणजे आसपासच्या शाळांचा गट), तालुका अशा तिन्ही पातळ्यांवर ती असायला हवी होती. म्हणजे जी समिती दोन वर्षं पाच महिने आधी बसायला हवी होती, ती बसवा म्हणून पुन्हा सांगावं लागलं. आणि तोवर किती शाळांच्या रजिस्टरात ती "स्थापन करण्यात आली" असं लिहून झालं असेल, या विचाराने मला झोप लागली नाही. आमच्या रजिस्टरात होती. तिच्या सदस्यांतही माझं नाव होतं.

(दृश्य: रजिस्टरची पानं उलटताना हात. सह्या, दोन-चार अंगठे.)

सरांवर माझा राग नाही, हे आधी सांगते. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जण मुख्याध्यापक असतो आणि तोच दोन वर्गही शिकवतो. खिचडीच्या तांदळाचा हिशेब तोच ठेवतो, यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती तोच भरतो, निवडणुकीच्या कामालाही तोच जातो. त्याला महिन्याला बैठक घ्यायची असते आणि पालक येत नाहीत. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. मागे राहतात आज्या आणि पोरं. मग रजिस्टर दप्तरातून फिरतं. पण राग नाही म्हणून ते बरोबर होत नाही.

कायदा पालकांच्या बाजूने किती ठाम उभा आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ सांगतं की समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांतूनच. मुख्याध्यापक सचिव. महाराष्ट्रात दोन विद्यार्थीही बैठकीला बसतात, त्यांना मत नसतं पण बोलता येतं. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. शाळेला मिळणारा पैसा कसा खर्च होतो, यावर लक्ष ठेवणं हे तिचंच काम. खासगी विनाअनुदानित शाळांना मात्र हे कलम लागू नाही, आणि अनुदानित शाळांत समितीला फक्त सल्ला देता येतो. तिथल्या पालकांच्या हातात एवढंही नाही, हे मला फार खुपतं.

आमची सासू अजून "बोर्डाची शाळा" म्हणते. तिच्या लहानपणी जिल्हा स्कूल बोर्ड असायचं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. कुठल्या खोलीला पैसे द्यायचे, हे निवडून आलेल्या सदस्यांच्या शिक्षण समितीत बोललं जायचं. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका रखडल्या, प्रशासक बसले. त्या काळात शाळेसाठी भांडायला आमच्या गटाचा सदस्यच नव्हता. पालकांनी निवडलेली, शाळेचं बोलायचा अधिकार असलेली एकच समिती उरली होती, आणि ती माझ्या मुलाच्या दप्तरात होती.

(दृश्य: बंद खोली आतून. ओल धरलेलं छत, उघडी पडलेली सळई. बाहेर मुलांचा आवाज.)

ही ती तिसरी खोली. निंबोडी हे नाव आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. नगर शहराजवळचं गाव. २८ ऑगस्ट २०१७, पावसाचा दिवस. जिल्हा परिषदेच्या शाळेचं छत वर्ग भरलेला असताना कोसळलं. तीन मुलं गेली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीला तेच झालं, सात मुलं गेली.

धोकादायक खोली पाडायची तर तिचं निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे सरकारी दप्तरातून ती खोली कमी करावी लागते. मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा अहवाल, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर, आणि वरून मंजुरी. ती येईपर्यंत खोली उभीच. कुलूप लावलं तरी पोरं मधल्या सुट्टीत तिच्याच भिंतीच्या सावलीला बसतात, डबे उघडतात, बॉल गेला की मागच्या खिडकीतून आत जातात. आमच्या खोलीचा ठराव रजिस्टरात शोधला. नव्हता. समाधान व्यक्त झालं होतं, ठराव झाला नव्हता.

स्वयंपाकाची खोली आमच्याकडे वर्गाला लागून आहे. स्वयंपाकाच्या ताई सिलिंडर दाराशीच ठेवायच्या, कारण आत जागा नाही. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत आग लागली ती स्वयंपाकाच्या ठिकाणी, आणि वर होतं गवताचं छप्पर. ९४ मुलं जळून गेली. त्या घटनेवरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं की सुरक्षित शाळेत शिकणं हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. आमच्या ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सिलिंडर भिंतीच्या पलीकडे, उघड्यावर, जाळीत होता. जाळी कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्याची होती.

(दृश्य: वर्गात सतरंजी. गोल बसलेले पालक. दोन मुलं दाराजवळ.)

सप्टेंबरची बैठक शनिवारी, शाळा सुटल्यावर ठेवली. घरोघर जाऊन सांगितलं. अकरा जण आले. सर म्हणाले, "विषय क्रमांक एक, सुरक्षा." आम्ही कॅमेऱ्यावर बोलत होतो. पैसे कुठून आणायचे? आमच्या पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला २५ हजार रुपये मिळतात, त्यातच वीजबिल, खडू, रंगरंगोटी, स्वच्छता. कॅमेरा बसला तर वीज किती वेळ असते? तपासणार कोण? अर्धा तास तेच चाललं.

चौथीतली मुलगी दाराशी बसली होती, विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून. अध्यक्ष तिला सहज म्हणाले, "तुला काही सांगायचंय का गं?"

ती म्हणाली, "मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. आम्ही एकीला बाहेर उभं करतो. ती आली नसली तर जातच नाही. घरी जाईपर्यंत थांबतो."

कुणी काही बोलेना. खोलीत पाच आया होत्या. एकीलाही हे माहीत नव्हतं, त्यात मीही आले. कडी त्याच संध्याकाळी बसली. गावातल्या सुताराने पैसे घेतले नाहीत, त्याची नात पहिलीत आहे.

त्याच बैठकीत मी आणखी एक विषय काढला आणि तो काढताना माझा आवाज कापत होता. समजा एखाद्या मुलाने किंवा मुलीने तसं काही सांगितलं तर? एक काका म्हणाले, "आधी समितीत बसून खरंखोटं करू. गावातलं गावात." नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं कलम १९ सांगतं की अशी गोष्ट कळली की ती पोलिसांना कळवावीच लागते. न कळवणं हा गुन्हा, आणि हाताखालच्या माणसाने असं केलेलं असताना संस्थेचा प्रमुख गप्प बसला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद. खरंखोटं करायचा अधिकार आपल्याला नाही. लेकराला पुन्हा पुन्हा विचारायचा तर मुळीच नाही. ते ऐकायचं, त्यावर विश्वास ठेवायचा, आणि फोन उचलायचा. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा फोन क्रमांक त्याच दिवशी खडूने नव्हे, ऑइलपेंटने भिंतीवर लिहिला. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

(दृश्य: भिंतीवरचा क्रमांक. एक मुलगा बोटाने आकडे गिरवतोय.)

काकांनी नंतर मला रस्त्यात गाठलं. म्हणाले, "सूनबाई, मला ठाऊक नव्हतं." मी म्हटलं, "मलाही नव्हतं, काका."

बंद खोलीचा ठराव त्या दिवशी झाला. सूचक मी, अनुमोदक सुताराची सून. ग्रामपंचायतीचा ठराव पुढच्या महिन्यात. प्रस्तावाची पोच आम्ही रजिस्टरला टाचून ठेवली आहे. अभियंता येऊन मापं घेऊन गेले. मंजुरी अजून यायची आहे. तोवर त्या भिंतीपासून दहा पावलांवर चुन्याची रेघ मारली आहे, पावसाने पुसली की पोरंच पुन्हा मारतात.

(दृश्य: बैठक. उघडं रजिस्टर. म्हाताऱ्या बोटावर शाई.)

रजिस्टर आता दप्तरातून येत नाही. बैठकीत आधी मागचं इतिवृत्त मोठ्याने वाचायचं, मग सह्या. आमच्यातल्या एका आजीला वाचता येत नाही. मुलगा-सून कारखान्यावर, दोन नातवंडं तिच्यापाशी, म्हणून पालक तीच. परवा वाचून झालं, सरांनी शाईचं पॅड पुढे केलं. आजीने अंगठा उचलला आणि तसाच वर धरून म्हणाली,

"थांबा. ते खोलीचं काय लिवलंय, ते परत वाचा."