नवा मॉनिटर लावला आणि गेम अटकू लागला? ग्राफिक्स कार्ड विकायच्या आधी हे तपासा

नमस्कार मंडळी! गेमिंग पीसीला नवा मॉनिटर लावला आणि त्याच संध्याकाळी एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं), पडला, असं सांगणारे मला सारखे भेटतात. परवा इथल्या, इंदूरच्या सुदामा नगरातल्या माझ्या मावसभावाचा फोन आला, "दादा, गेम अटकून राहिलाय, कार्ड गेलं वाटतं." दुकानात विचारलं तर त्याला सरळ नवं कार्ड घ्यायला सांगितलं. मंडळी, हा हजारोंचा प्रश्न आहे, आणि बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असतं. ते घरच्या घरी ताडून कसं बघायचं, ते आज सांगतो.

त्याच्याकडे एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० कार्ड आहे, १२ जीबी मेमरीचं. जुना मॉनिटर १०८०पी रिझोल्यूशनचा, ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलणारा. नवा १४४०पी, १६५ हर्ट्झचा. आता हिशेब मांडा. १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार पिक्सेल, चित्राचे ठिपके. २५६० गुणिले १४४० म्हणजे ३६ लाख ८६ हजार. आणि कुणी ४के घेतला असेल तर ८२ लाख ९४ हजार, म्हणजे १०८०पीच्या बरोबर चौपट. रांगोळी काढणारा हात तोच, अंगण मात्र चौपट झालं, तर वेळ लागणारच. कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये हे सगळे पिक्सेल रंगवायचे असतात.

पण तुमच्याकडे नेमकं हेच झालंय का? त्यासाठी गेममध्ये रिझोल्यूशन पुन्हा १०८०पी करा, एकच ठरलेली जागा निवडा आणि तिथला एफपीएस बघा. पूर्वीइतका आला तर कार्ड, ड्रायव्हर, रॅम सगळं जागेवर आहे, फक्त पिक्सेलचा बोजा वाढलाय. नाही आला तर गडबड दुसरीकडे आहे. यात एक मेख आहे. गेम बॉर्डरलेस मोडमध्ये (बिनचौकटीच्या खिडकीत) असेल तर अनेक गेम डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन धरून बसतात, तुम्ही गेममध्ये काहीही निवडा. म्हणून ही चाचणी एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीनमध्ये करा, किंवा विंडोजमध्येच रिझोल्यूशन खाली आणा.

गडबड दुसरीकडे असेल तर कॅबिनेटच्या मागे जा. घाईत नवी केबल मदरबोर्डच्या पोर्टला लागते, कारण तो वर असतो आणि हाताला आधी लागतो. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर चित्र व्यवस्थित दिसतं, म्हणून शंकाच येत नाही, आणि गेम त्या छोट्या ग्राफिक्सवर रडतखडत चालतो. केबल खालच्या आडव्या पोर्टांपैकी एकाला, म्हणजे कार्डाला, लागली पाहिजे.

[स्क्रीनवर: कॅबिनेटची मागची बाजू, कार्डाच्या पोर्टांवर बाण]

केबलही बघा. जुन्या एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झला चालतं. गेम ९० फ्रेम काढतोय, काउंटर ९० दाखवतोय, पण डोळ्याला मिळतात ३०. व्ही-सिंक, म्हणजे गेमला मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग, चालू असेल तर गेमही ३० वरच अडतो. डिस्प्लेपोर्टची केबल मॉनिटरच्या खोक्यात असेल तर तीच लावा. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट बघा. नवा मॉनिटर जोडल्यावर तिथे बरेचदा ६० राहिलेला असतो, हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. पैसे १६५ चे मोजलेत, तर तो हाताने निवडा.

आता सगळ्यात कामाचा आकडा, जीपीयू युसेज, म्हणजे ग्राफिक्स कार्ड किती टक्के कामात आहे ते. विंडोज आणि जी दाबा, परफॉर्मन्सची खिडकी उघडा आणि गेमच्या वर पिन करा. युसेज ९५ ते ९९ टक्के म्हणजे कार्ड पूर्ण ताकदीने काम करतंय. एफपीएस कमी आणि युसेज साठ-सत्तर टक्क्यांवर अडकलेला, तर कार्डाला दोष देऊ नका. बहुधा कुठेतरी फ्रेमची मर्यादा लागलेली असते, किंवा प्रोसेसर मागे पडत असतो. जुन्या मॉनिटरवर व्ही-सिंक ७५ वर थांबवत होता, तेव्हा प्रोसेसरची मर्यादा कधी दिसलीच नाही. १६५ मागितल्यावर ती उघडी पडते. अशा वेळी रॅमची एकच स्टिक आहे का, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) रॅम पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी चालू आहे का, एवढं बघून घ्या.

त्या ७५ च्या मर्यादेची आणखी एक गोष्ट इंदूरकरांसाठी फार महत्त्वाची आहे. पूर्वी कार्ड अधूनमधून श्वास घेत होतं. आता ते सतत ९९ टक्क्यांवर, आणि बाहेर मे महिन्याचं ४० च्या वरचं ऊन. कार्ड तापलं की स्वतःला वाचवायला क्लॉक, म्हणजे आपला वेग, खाली आणतं. पहिली दहा मिनिटं गेम छान आणि मग घसरण, हे त्याचं लक्षण. आपल्याला माळव्यातल्या थंड रात्रीचा इथे चांगला उपयोग आहे. एकच जागा भर दुपारी आणि मग रात्री उशिरा खेळून बघा. फरक ठळक असेल तर पुढच्या फिल्टरमधली धूळ काढा आणि कॅबिनेट भिंतीपासून लांब सरकवा.

भावाच्या घरी आम्ही हे सगळं केलं. केबल बरोबर, रिफ्रेश रेट १६५, तापमान ठीक, युसेज ९९. १०८०पी केल्यावर जुने फ्रेम परत आले. म्हणजे निव्वळ पिक्सेलचा बोजा. मग डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र काढून ते मोठं करणारी एनव्हिडियाची सोय, क्वालिटी मोडवर केली. १४४०पीवर हा मोड आतून साधारण १७०७ गुणिले ९६० एवढंच चित्र रंगवतो आणि मग ते मोठं करतो. ते १०८०पीपेक्षाही कमी पिक्सेल झाले! मोठं करायलाही थोडा वेळ जातो, पण फायदा उघड दिसतो. एएमडीचं किंवा जुनं कार्ड असेल तर एफएसआर ही एएमडीची तशीच सोय वापरा, त्याचाही क्वालिटी मोड तितकाच आहे. गेमच्या सेटिंग्जमध्ये शॅडो (सावल्या) आणि व्हॉल्युमेट्रिक फॉग (धुकं) एक पायरी खाली आणले. टेक्स्चरला (वस्तूंच्या पृष्ठभागाच्या चित्रांना) हात लावला नाही, कारण कार्डाची १२ जीबी मेमरी पुरत होती. ८ जीबीवाल्यांनी मात्र ते बघावं, मेमरी भरली की गेम झटके देतो.

आणि मॉनिटरच्या मेनूत ॲडाप्टिव्ह सिंक चालू करा, शिवाय ड्रायव्हरमध्ये जी-सिंक किंवा फ्रीसिंक. आता मॉनिटर कार्डाच्या वेगाने चालतो, त्यामुळे ७०-८० फ्रेमही गुळगुळीत दिसतात. १६५ हर्ट्झचा मॉनिटर आहे म्हणून १६५ फ्रेम यायलाच हव्यात असं नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो.

इतकं करूनही भागत नसेल आणि युसेज ९९ च असेल, तर खुशाल नवं कार्ड घ्या. फक्त खरेदीला सिल्व्हर मॉलला निघायच्या आधी तुमचा पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे आणि कॅबिनेटमध्ये किती लांबीचं कार्ड बसतं, ते मोजून लिहून न्या.