मणके मोजणारं घड्याळ

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं. हे टेबलावरचं खोकं आणि त्यातला पिवळा दिवा बघून मघाशी कुणीतरी विचारलं, जादूचे प्रयोग आहेत का म्हणून. खोक्यात एक अंडं आहे. त्याकडे नंतर येऊ.

सुरुवात मटणाच्या दुकानापासून करतो, शाकाहारी मंडळींनी दोन मिनिटं सांभाळून घ्यावं. आपण रविवारी जातो आणि म्हणतो, "अर्धा किलो द्या, चाप आणि पुठ मिक्स, गर्दन नको." दुकानदार सुरी चालवतो. कणा एकच असतो, पण त्याला पक्कं ठाऊक असतं की गर्दनीच्या मणक्यांना मोकळ्या बरगड्या नाहीत, चापेच्या प्रत्येक मणक्याला बरगड्यांची जोडी आहे, आणि पुठ लागली की बरगड्या संपल्या. माझा आजचा प्रश्न एवढाच: हे बोकडाच्या गर्भाला कुणी सांगितलं?

इथे झूऑलॉजीत बी.एस्सी. केलेले कोणी आहेत? मग तुम्हाला स्पॉटिंगची, म्हणजे परीक्षेत बघून ओळखायची, ती स्लाइड आठवेल, कोंबडीचा ३३ तासांचा भ्रूण. मला ती कायम २४ तासांची वाटायची. शेजारचा मित्र कुजबुजला, "अरे, ठोकळे मोज." कण्याच्या जागी मधोमध एक रेघ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना चौकोनी ठोकळ्यांच्या जोड्या. २४ तासांना चार-पाच, ३३ तासांना बाराच्या आसपास. पुस्तकात त्यांना सोमाइट म्हणतात. यांतूनच पुढे मणके, बरगड्या आणि पाठीचे स्नायू तयार होतात. मी तेव्हा मार्कांपुरते मोजले आणि विसरलो.

पुढे कितीतरी वर्षांनी जिवंत भ्रूण पाहिला. खुडूक कोंबडी २१ दिवस अंडी उबवते तेच काम प्रयोगशाळेत ३८ अंशांची पेटी करते. दीड दिवसानं अंडं काढायचं, कवचाला कात्रीनं छोटी खिडकी पाडायची. आत बघितलं तर पिवळ्या बलकावर फिकट चकती, बाकी काही कळत नाही. मग बारीक सुईनं चकतीखाली थोडी काळी शाई सोडायची. आणि त्या काळ्यावर भ्रूण एकदम उठून दिसतो: काही मिलिमीटरांचा, पारदर्शक, मध्ये हृदयाची नळी लुकलुकतेय, खाली ठोकळ्यांची दुहेरी रांग. आम्ही मोजल्या, बारा जोड्या. चहाला गेलो, गप्पा लांबल्या, परत येऊन पाहतो तर तेरा. कोंबडीत दर ९० मिनिटांनी शेपटीकडच्या बाजूला एक नवी जोडी कापली जाते. झेब्राफिशमध्ये अर्ध्या तासानं, उंदरात दोन तासांनी. वेळेचे पक्के.

म्हणजे आत घड्याळ असणार. हा तर्क १९७६ मध्येच जोनाथन कुक आणि ख्रिस्तोफर झीमन या दोघांनी मांडला होता. झीमन तर गणिती माणूस. पेशींमध्ये एक घड्याळ टिकटिकतंय आणि डोक्याकडून शेपटीकडे एक लाट सरकतेय; एका टिकटिकीत लाट जेवढं अंतर कापेल तेवढा एक ठोकळा. कल्पना छान होती, पण घड्याळ कुणी पाहिलं नव्हतं. १९९७ मध्ये ऑलिव्हिए पूर्किए यांच्या गटाला ते कोंबडीच्या भ्रूणात दिसलं. शेपटीकडच्या पेशींमध्ये एक जीन, म्हणजे जनुक, बरोबर ९० मिनिटांच्या तालात चालू-बंद होत होता. अशा जीनची युक्ती साधी आहे: तो जे प्रथिन बनवतो ते त्यालाच गप्प करतं. प्रथिन विरघळून गेलं की जीन पुन्हा बोलू लागतो.

आता साप घ्या. अमेरिकेतल्या कॉर्न स्नेक नावाच्या सापाच्या भ्रूणात ३०० च्या वर ठोकळे बनतात, उंदरात ६५ च्या आसपास. साप काय वेगळं करतो? पूर्किए यांच्याच गटानं २००८ मध्ये दाखवलं की घड्याळ तेच आहे, फक्त वाढीच्या वेगाच्या मानानं ते कितीतरी जलद चालतं. कणीक मळली आहे तशीच, पण लाट्या सुपारीएवढ्या केल्या तर पोळ्या जास्त होणारच! शिवाय कणीकही जरा जास्त वेळ पुरते. तीनशे मणक्यांसाठी तीनशे नवे जीन लागले नाहीत. वर्तमानपत्रात दर महिन्याला "अमुकचा जीन सापडला" छापून येतं, तेव्हा मला हा साप आठवतो.

पण मोजणं झालं, नावं ठेवायची राहिली. लोकलचे डबे डोळ्यांसमोर आणा. बहुतेक सांगाडे एकाच घाटाचे. कुठला लेडीज, कुठला फर्स्ट क्लास, कुठला मालडबा, हे ठरतं बाहेरच्या पाटीवर आणि आतल्या बाकांवर. ठोकळेही असेच एकसारखे निघतात. त्यांच्यावर पाट्या लावणारे जीन म्हणजे हॉक्स. त्यांचा माग पहिल्यांदा फळमाशीत लागला. एडवर्ड लुईस यांनी कॅलिफोर्नियात आयुष्यभर माश्याच वाढवल्या. त्यांच्या एका प्रसिद्ध माशीला दोनाऐवजी चार पंख होते, कारण छातीच्या तिसऱ्या खंडावर दुसऱ्याची पाटी लागली होती. १९९५ चं नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते. १९८० च्या दशकात कळलं की या जीनमध्ये डीएनएच्या १८० अक्षरांचा एक तुकडा समान आहे, आणि तो बेडकात, उंदरात, माणसातही आहे. माशीत असे जीन आठ. आपल्यात ३९, चार वेगवेगळ्या गुणसूत्रांवर चार रांगांमध्ये. आपल्या फार जुन्या पूर्वजांत अख्खा जीनसंच दोनदा दुप्पट झाला, एकाच्या चार रांगा झाल्या त्या तेव्हा.

सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट तर पुढेच आहे. गुणसूत्रावर हे जीन ज्या क्रमानं बसलेत त्याच क्रमानं ते शरीरात कामाला लागतात. रांगेच्या एका टोकाचे मानेकडे, दुसऱ्या टोकाचे शेपटीकडे. मला आजही हे जरा संशयास्पद वाटतं, इतकं नीटनेटकं निसर्गात सहसा काही नसतं.

पाटी काढली तर काय होतं? डेनीन वेलिक आणि मारियो कापेकी यांनी २००३ मध्ये उंदरांत दहाव्या गटाचे, म्हणजे वेगवेगळ्या रांगांत दहाव्या जागी बसणारे, तिन्ही हॉक्स जीन बंद केले. त्या पिल्लांच्या कमरेच्या मणक्यांना बरगड्या फुटल्या, त्याखालच्या त्रिकास्थीपर्यंत. पुठेची चाप झाली! म्हणजे त्या भागात बरगडी "नसते" असं नाही, ती तिथे दाबून ठेवलेली असते.

मानेच्या मणक्यांबाबत मात्र सस्तन प्राणी कमालीचे हट्टी. जिराफ सात, उंदीर सात, देवमासा सात, तुम्ही-आम्ही सात. अपवाद जवळपास दोनच, झाडाला उलटा लटकणारा स्लॉथ आणि पाण्यात राहणारी मॅनाटी. कोंबडीला चौदा, हंसाला वीसहून जास्त, त्यांना काही फरक पडत नाही. आपल्यात काहींच्या सातव्या मणक्याला छोटी बरगडी निघते, एक्स-रे बघून डॉक्टर सर्व्हायकल रिब म्हणतात. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. पण गर्भातच दगावलेल्या अर्भकांमध्ये ती बरीच जास्त आढळते. हेच हॉक्स जीन त्याच वेळी इतरही कामांत गुंतलेले असतात, तिथली गडबड जिवावर बेतते, म्हणून सातचा आकडा हलत नाही, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं.

सापाचे पाय राहिले. भ्रूणात पाय जिथून फुटतो त्या कळीत सॉनिक हेजहॉग नावाचा जीन लागतो. हो, व्हिडिओ गेमवरूनच नाव. त्याचा पायापुरता स्विच, म्हणजे त्याला तिथे चालू करणारा डीएनएचा तुकडा, त्याच्यापासून जवळजवळ दहा लाख अक्षरं लांब, दुसऱ्याच एका जीनच्या पोटात आहे. त्यात एखादं अक्षर बदललं तर माणसाला सहावं बोट येऊ शकतं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदराचा हा स्विच काढून तिथे माणसाचा बसवला: पाय ठीक. माशाचा बसवला: पाय तरीही ठीक. नागाचा आणि अजगराचा बसवला: पायांच्या जागी नुसते खुंट. अजगराच्या स्विचमध्ये १७ अक्षरं गळालेली होती. ती परत घातली आणि उंदराला पुन्हा पाय आले. जीन सापात शाबूत आहे, त्याची इतर कामंही सुरळीत चालू आहेत. फक्त पायाच्या खोलीतला दिवा लागत नाही.

अजगरात तोही पुरता गेलेला नाही. भ्रूणात मागच्या पायाची कळी उगवते, जीन थोडा वेळ पेटतो आणि दिवसभरात विझतो. राहतात ते शेपटीच्या मुळाशी दोन नखासारखे काटे. नर ते मीलनाच्या वेळी मादीला खाजवायला वापरतो. तुमच्याकडच्या सर्पमित्रानं अजगर धरला असेल तेव्हा त्यालाच दाखवायला सांगा, आपण हात घालू नका.

आता खोकं. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा या अंड्यात सोळा जोड्या होत्या. दीड तास होत आला. एकेकानं या, दिव्याला धक्का न लावता भिंगातून बघा, आणि मोजा.