उडण्याआधी चित्र: एफपीव्हीची पहिली जोडणी

[दृश्य: टेबलावर ड्रोन, पंखे काढलेले. शेजारी कॅमेरा, व्हीटीएक्स, अँटेना, गॉगल.]

एफपीव्ही म्हणजे ‘फर्स्ट पर्सन व्ह्यू’: ड्रोनला दिसतं ते आपल्या डोळ्यांपर्यंत आणणं. त्याला चार वस्तू लागतात. कॅमेरा, व्हिडिओ ट्रान्समीटर म्हणजे व्हीटीएक्स, अँटेना आणि रिसीव्हर असलेला गॉगल. इथे जोडणी अ‍ॅनालॉग आहे. डिजिटलचं चित्र कितीतरी स्वच्छ असतं, पण अ‍ॅनालॉगमध्ये निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांशी जुळतात, आणि बिघाड कुठे आहे ते शोधणं शिकायला हीच पद्धत बरी.

पहिलं काम अँटेनाचं. बॅटरी लावण्याआधी ती बसलेलीच हवी, मिनिटभराच्या चाचणीलाही. अँटेना नसली की बाहेर जाणारी शक्ती व्हीटीएक्सच्या अ‍ॅम्प्लिफायरवर उलटते. तो तापतो आणि जळतो. अँटेना घट्ट बसली म्हणजे जोडली गेली असंही नाही. एसएमए आणि आरपी-एसएमए या कनेक्टरांचे आटे सारखेच, फरक फक्त मधल्या पिनेचा. दोन्हीकडे भोकच असेल तरी आटे छान बसतात, आत मात्र संपर्क नसतो. म्हणून आधी डोकावून बघा: एकीकडे पिन, दुसरीकडे भोक. शिवाय ड्रोनवर आरएचसीपी, म्हणजे उजवीकडे फिरणाऱ्या लहरींची अँटेना असेल तर गॉगलवरही आरएचसीपीच हवी. एक उजवी, एक डावी झाली की पल्ला एकदम घटतो.

[दृश्य: सोल्डरिंग, जवळून.]

कॅमेऱ्याच्या वायरी तीन: व्होल्टेज, ग्राउंड, व्हिडिओ. काही कॅमेरे फक्त ५ व्होल्टवर चालतात, त्यांना थेट बॅटरी दिली की संपलेच. व्हिडिओची वायर फ्लाइट कंट्रोलरच्या, म्हणजे ड्रोन सांभाळणाऱ्या मुख्य सर्किट बोर्डच्या ‘कॅम’ पॅडवर, आणि ‘व्हीटीएक्स’ पॅडवरून पुढे ट्रान्समीटरला. या वळणामुळे बॅटरीचं व्होल्टेज चित्रावर अक्षरांत दिसतं.

हीच अक्षरं बिघाडही दाखवतात. अक्षरं आहेत, चित्र नाही? दोष कॅमेऱ्यात किंवा त्याच्या वायरींत. नुसत्या मुंग्या दिसतात? मग व्हीटीएक्सची वीज आणि चॅनल तपासा.

चॅनलची फसवणूक वेगळीच. चॅनल ‘बँड’ नावाच्या गटांत असतात. रेसबँडचं तिसरं चॅनल ५७३२ मेगाहर्ट्झ, एफ बँडचं पहिलं ५७४०. गॉगल चुकून शेजारच्या आकड्यावर असला तरी टेबलावर चित्र चांगलं दिसतं. ड्रोन लांब गेला की फुटतं. गॉगलच्या आपोआप शोधावर विसंबू नका, दोन्हीकडचे आकडे स्वतः जुळवा.

मोटर फिरल्यावर चित्रावर आडव्या रेघा धावल्या, तर तो विजेतला गोंगाट. चार सेलच्या बॅटरीसाठी ३५ व्होल्ट, ४७० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर बॅटरीच्या पॅडांवर लावतात. पट्टा असलेला पाय ऋण बाजूला. उलटा लावला तर फुटतो.

[दृश्य: व्हीटीएक्ससमोर छोटा पंखा.]

टेबलावर व्हीटीएक्स २५ मिलिवॅटवर ठेवा आणि वारा द्या. उडताना मिळणारा वारा इथे नसतो. कॅमेऱ्याचा कल सुरुवातीला १० ते १५ अंश पुरे.

शेवटी पंखे न लावताच कुणालातरी ड्रोन घेऊन मैदानात लांब चालत जायला सांगा. तो पाठमोरा झाला आणि ड्रोन त्याच्या अंगाआड गेला की चित्र बिघडणारच, कारण ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीर अडवतं. समोर धरूनही फुटत असेल, तर पुन्हा अँटेनाची पिन बघा.