रात्रीची लाईट आणि राहिलेली झोप

परभणी जिल्ह्यातील या शिवारात रात्रीचे दोन वाजले आहेत. शेतीपंपांची वीज कधी दिवसा, तर कधी रात्री अशी पाळीने येते, आणि सध्या रात्रीची पाळी असल्यामुळे एका हातात बॅटरी व दुसऱ्या हातात खोरे घेऊन गव्हाला दारे धरणारा शेतकरी उजाडेपर्यंत अंथरुणाला पाठ टेकवू शकणार नाही. विचारले, तर तो सहज सांगतो, “सवय झाली आता.”

ही सवय खरोखर होते का? अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही निरोगी माणसांना चौदा दिवस रोज जास्तीत जास्त सहा तासच झोपू दिले. त्यांची सावधानता दिवसेंदिवस ढासळत गेली आणि अखेरीस एक अख्खी रात्र अजिबात न झोपलेल्या माणसाइतक्या चुका त्यांच्याकडून होऊ लागल्या. आपल्याला फारशी झोप येत नाही, असे मात्र ती माणसे सांगत राहिली. म्हणजे सवय होते ती झोपाळलेपण न जाणवण्याची.

जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेत त्याचा निचरा होतो. बांधावरच्या चहातील कॅफीन या द्रव्याची मेंदूतील जागा तेवढी अडवून धरते. साचलेले द्रव्य तसेच राहते. मग डोळे उघडे असतानाही मेंदू दोन-चार सेकंद झोपी जातो. घरात बसलेल्याला ते कळतही नाही, पण ओल्या हाताने स्टार्टरचे बटन दाबणाऱ्याला, विहिरीच्या काठावरून चालणाऱ्याला किंवा मण्यारीच्या वाटेत पाय टाकणाऱ्याला एवढा वेळही फार असतो.

दिवसा झोपून ही भरपाई पुरती होत नाही, कारण उजेडावर चालणारे शरीराचे घड्याळ तेव्हा जागे राहायला सांगत असते. शिवाय गाढ झोपेसाठी शरीराचे तापमान थोडे उतरावे लागते आणि उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली ते कसे उतरणार? अशी ओढाताण वर्षानुवर्षे चालली, की रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका वाढतो.

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे. या शिवारात मात्र मोटार अजून रात्रीच चालते. ती बंद होईपर्यंत तांबडे फुटते, आणि हात-पाय धुऊन हा शेतकरी झोपायला न जाता म्हशीच्या धारेला बसतो.