खंडणी, कळवळा आणि नावडती लेआ

(ठाण्यातील एका बायबल अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मार्कच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, मी पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो आहे. आता खंडणी म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे काय येतं? धमकीचा फोन, बिल्डर, पोलिसांचं खंडणीविरोधी पथक! ते आपल्या ठाण्यातही आहे. मग नवा वाचक बिचकणारच.

मुळातला ग्रीक शब्द आहे ‘लुट्रॉन’. गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवून आणायला मोजलेली रक्कम. जुन्या मराठीत खंडणीलाही असा गुंडगिरीचा वास नव्हता. बखरींत राजे ती घेतात आणि मांडलिक ती बिनबोभाट भरतात. शब्द तिथंच राहिला, पण त्याचा शेजार बिघडला. आजच्या अर्थानं वाचलं की सगळं लक्ष वसूल करणाऱ्याकडे जातं. मार्कचं लक्ष सुटणाऱ्यांकडे आहे. रक्कम कोणाच्या हातात पडली, हे तो सांगतच नाही. तरी माणसाला चैन पडत नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानं सुचवलं, सैतानाच्या हातात. चौथ्या शतकात नाझियान्झसचा ग्रेगरी हा बिशप या कल्पनेवर चांगलाच उखडला: लुटारूला किंमत, आणि तीही देवाची? मला ग्रेगरीचं पटतं.

काही ठिकाणी मात्र मराठी वाचकाला काही समजावून सांगावंच लागत नाही. गर्दी पाहून येशूला कळवळा आला, तिथल्या ग्रीक क्रियापदाच्या पोटात आतडी आहेत, अक्षरशः. १६११च्या इंग्रजी बायबलनं कलस्सैकरांस पत्रात ‘दयेची आतडी’ असं सरळ लिहून टाकलं. आजच्या इंग्रजी वाचकाला त्याचं हसू येतं. आपल्याकडे पोरासाठी आईचं आतडं तुटतं, त्यात कोणाला हसू येत नाही. बायबलमधल्याच यिर्मयाच्या पुस्तकात देव माणसाची मूत्रपिंडं पारखतो; तिथं मात्र आपल्या भाषांतरकारांनी ‘अंतर्याम’ घातलं. बरं केलं, नाहीतर डायलिसिस आठवलं असतं.

मग लूकच्या शुभवर्तमानातली १४:२६ ही येशूची ओळ. आईबापांचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही? या ओळीवरून घराघरांत वाद होतात. इंग्रजी प्रत काढून उपयोग नाही, तिथंही बहुधा तोच शब्द असतो. मत्तय १०:३७ काढा. तिथं तीच गोष्ट ‘माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करणारा’ अशी येते. आणखी मागे, बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या २९व्या अध्यायात जा. याकोबाच्या दोन बायका, लेआ आणि राहेल. तिसाव्या ओळीत याकोबाची लेआपेक्षा राहेलवर अधिक प्रीती आहे, आणि पुढच्याच ओळीत लेआसाठी हिब्रूत ‘द्वेषाचा’ शब्द येतो. म्हणजे दोघींत जिचा नंबर दुसरा, ती. मराठी बायबलनं तिथं काय लिहिलंय? ‘नावडती’. जिचं मीठ अळणी असतं ना, ती. लूकच्या ओळीत द्वेषाच्या जागी हीच नावडती ठेवून वाचा, मग आपण प्रश्नांकडे वळू.