अडीच हजारांत महिना काढताना: पैसे नेमके कोणत्या खात्यात जातात?

नमस्कार. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा १५०० रुपयांवरून २५०० रुपये झाली, आणि तेव्हापासून एवढ्या पैशांत किराणा, गॅस, औषधे आणि प्रवास कसा भागवायचा, हा प्रश्न तुम्ही सातत्याने विचारत आहात. त्याच प्रश्नांखाली एका प्रेक्षकाने लिहिले, ‘हजार रुपये वाढले, आता आणखी काय हवे?’ त्यांना माझे उत्तर असे की, अडीच हजारांचे दिवसाला ८३ रुपये होतात आणि त्यातच रिक्षाही येते. मी कुबड्या घेऊन चालतो, त्यामुळे जिथे इतर जण पायी जातात तिथे मला रिक्षा करावी लागते आणि ती माझ्यासाठी चैन नसते.

पात्रतेचे नियम बहुतेकांना ठाऊक आहेत. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत, अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात, आणि दरवर्षी हयातीचा दाखला. त्यावर अधिक वेळ घेत नाही.

खरी अडचण पुढे आहे. हे अनुदान आता थेट बँकेत, आधार क्रमांकाच्या आधारे जमा होते. तुमची तीन खाती असली आणि तिन्हींना आधार जोडलेले असले, तरी सरकारी पैसा एकाच खात्यात जातो: ज्या बँकेत शेवटचे आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसा त्या खात्यात घेण्यासाठी आधारची नोंद, झाले आहे, त्या बँकेत. अर्जावर तुम्ही कोणता खाते क्रमांक लिहिला होता, याला येथे महत्त्व उरत नाही.

आमच्या शेजारच्या मावशींचे असेच झाले. अनुदान मंजूर असूनही गावातल्या बँकेच्या पासबुकात महिनोन्‌महिने नोंद येईना, तेव्हा त्या तहसीलला खेटे घालत राहिल्या आणि ‘आमच्याकडून पैसे गेले’ एवढेच त्यांना ऐकायला मिळाले. शेवटी कळले की, कधीकाळी कर्जासाठी उघडलेल्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यात पैसे साचत होते आणि किमान शिल्लक नाही म्हणून ती बँक त्यातून दंडही कापत होती. ज्या बाईने तेलाची पिशवी आणायची पुढच्या आठवड्यावर ढकलली होती, तिच्या पैशांचे हे झाले, याचा मला आजही संताप येतो.

‘पण आमच्या पासबुकावर आधार क्रमांक छापलेला आहे,’ असे अनेक जण लिहितात. तो छापलेला असणे म्हणजे बँकेने तुमची ओळख पटवली, एवढेच. सरकारी पैसा तिथे येण्यासाठी वेगळा संमती अर्ज भरून द्यावा लागतो. मायआधार संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा; तिथे ज्या बँकेचे नाव दिसेल, पैसे तिथेच जाणार. ती बँक दूर असेल किंवा दंड कापत असेल, तर जवळच्या बँकेत किमान शिल्लक न लागणारे बचत खाते उघडा, तिथे सीडिंगचा अर्ज द्या आणि काही दिवसांनी स्थिती पुन्हा तपासा. उज्ज्वला जोडणी असेल, तर गॅसचे अनुदानही याच वाटेने येते, म्हणून हे एक काम केले की दोन्ही रकमा एकत्र सापडतात.

आता धान्याविषयी. प्राधान्य कुटुंबाच्या रेशन कार्डावर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळते. एकट्या माणसाला ते दिवसाला साधारण १६५ ग्रॅम पडते. सर्वात गरीब घरांसाठीच्या अंत्योदय कार्डावर मात्र घरात माणसे किती हे न पाहता ३५ किलो मिळते, आणि उत्पन्नाचे खात्रीचे साधन नसलेली दिव्यांग व्यक्ती ज्या घराची प्रमुख आहे, ते घर अंत्योदयच्या निकषांत बसते. हे दुकानदार सहसा आपणहून सांगत नाही. तालुक्याच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. ‘इष्टांक शिल्लक नाही’, म्हणजे ठरवून दिलेल्या कार्डांची संख्या भरली, असे तोंडी उत्तर मिळाले, तर तेच लेखी मागा.

धान्य मोफत असले तरी खर्च डाळ, तेल आणि गॅसवर होतो. माझ्या घरी एकाच कुकरमध्ये खाली भात आणि वरच्या डब्यात तासभर भिजवलेली डाळ लागते. तूरडाळ महागली की मी निम्मी मसूर मिसळतो; ती लवकर शिजते आणि वरण दाटही होते. रात्री उरलेला भात सकाळी फोडणी देऊन होतो, मग नाश्त्याचा वेगळा खर्च राहत नाही. डाळ मात्र कमी करू नका, कारण नुसत्या भात-पोळीवर अशक्तपणा येतो आणि मग औषधांचे बिल वाढते.

शेवटी, यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून रेशन दुकानातून परत पाठवलेल्यांसाठी. डोळ्यांच्या स्कॅनचा पर्याय मागा. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणे, राहिले असेल, तर ‘मेरा ई-केवायसी’ ॲपवर चेहरा दाखवून ते घरबसल्या होते. दुकानापर्यंत जाणेच शक्य नसेल, तर तुमच्या वतीने धान्य उचलण्यासाठी विश्वासातल्या व्यक्तीची नोंद करता येते. त्याचा अर्जही पुरवठा शाखेतच द्यायचा असतो.